मुलूख कोणता?

एकाहत्तरच्या लढाईतली ती दुपार माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. मी तेव्हा पूर्णेला फौजदार होतो. लष्कराच्या गाड्या जंक्शनवरून जात, प्लॅटफॉर्मवर जयघोष होई, आणि गावात ज्याला-त्याला हेर दिसू लागले होते. रोज एखादी तरी खबर यायची, बहुतेक बिनबुडाची.

त्या दिवशी एक शेतकरी धापा टाकत ठाण्यात आला. त्याचा मुलगा फौजेत, सीमेवर. बरेच दिवस खुशाली नव्हती. हॉटेलात एका म्हाताऱ्या मुसलमान शिंप्याचं बोलणं त्याच्या कानावर पडलं होतं: "लढाई खतम हुई की मुल्क कू जाना, उधरीच खुशी मनाना."

"मुल्क म्हंजे पाकिस्तानच की, साहेब!"

शिंप्याला चौकशीसाठी आणेपर्यंत ठाण्यासमोर बाजार लोटला. "आमच्या हवाली करा, तोंड काळं करून धिंड काढतो," असा ओरडा सुरू झाला.

म्हातारा इतका भेदरला होता की काहीही विचारलं तरी "हौ साब" म्हणायचा. हेर आहेस? हौ साब. असल्या कबुलीला काडीची किंमत नसते. मी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि साधंच विचारलं, "मुल्कला जायचं कसं?"

"येष्टी से, साब. जिंतूर कू उतरना, आगे पैदल."

जिंतूर आमच्याच जिल्ह्यातलं. म्हाताऱ्याचा मुलगा रेल्वेत खलाशी. लढाईमुळे रजा बंद, म्हणून त्याचं गावाकडे ठरलेलं लग्न लांबलं होतं. खुशी ती हीच.

शेतकऱ्याला पटेना. "लय लबाड हाय, साहेब." राग खरा होता, पण त्याच्या तळाशी मुलाची काळजी होती. मला त्याच्यावर चिडता येईना. मी म्हटलं, "तुमचा मुलगा कधी येणार?"

"लढाई संपली की येईल की मुलखाला..." तो म्हणाला आणि तिथंच अडखळला.

त्याने शिंप्याकडे पाहिलं. मग उठून बाहेर गर्दीपुढे गेला. "माझं चुकलं. म्या भलतंच ऐकलं. जावा घरला."

"पोरगं सीमेवर अन् तुमी याची बाजू घ्यायलाव?" कुणीतरी ओरडलं.

"तिकडं हाय म्हणूनच सांगायलोय. ते याच्यासाठी बी उभं हाय."

शिव्या पडल्या, तरी तो हलला नाही. हळूहळू गर्दी पांगली.

देशावर जीव असणं वाईट नाही. पण भीती घरात शिरलेली आणि सीमेवर आपल्या हातात काहीच नाही, अशा वेळी माणूस शत्रू शेजारीच शोधतो, आणि आरडाओरडा करणाऱ्यांचं फावतं. तिथं "माझं चुकलं" असं चारचौघांत म्हणणारा एक जण लागतो. तो सहसा मिळत नाही.

शिंप्याला घरी पोचवायला मी शिपाई देत होतो. शेतकरी म्हणाला, "नगं साहेब. संगं पोलीस दिसले तर लोक म्हणतील, कायतरी केलंच असंल. मी नेतो."

त्याने म्हाताऱ्याचा हात धरला आणि दोघे भर बाजारातून चालत गेले. उभ्या नोकरीत मला याहून चांगला बंदोबस्त लावता आला नाही.