बाजार मैदानातल्या कोप्या

माझ्या सासूबाईंचं, धुरपदाबाईंचं आणि माझं फारसं जमायचं नाही. त्यांना माझी भाकरी जाड वाटायची आणि मला त्यांचं बोलणं. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

कोरोनाची दुसरी लाट परभणीत आली तेव्हा माझी मुलगी सहा दिवसांची होती. आमची पत्र्याची एकच खोली, दहा बाय दहाची. रस्त्यापलीकडं बंगल्यांची कॉलनी. बाळंतपणाआधी मी तिथं बन्सीधर सरांकडं भांडी घासायची. दुखणं आधी कॉलनीत आलं. तिथली माणसं वरच्या खोलीत जाऊन झोपली, किराणा फाटकाशी येऊन पडू लागला आणि आम्हा कामवाल्यांना फाटकं बंद झाली. मग तेच दुखणं आमच्या वस्तीत आलं. चाळीस घरांना एक नळ. वेगळं झोपायचं तर कुठं, नळाखाली?

माझा नवरा आदिनाथ आणि आत्याबाई नुकतेच ऊसतोडीहून परतले होते. मला दिवस गेलेले, म्हणून त्या वर्षी माझ्या जागी त्याच गेल्या होत्या. आल्यावर तिसऱ्या दिवशी आदिनाथांना ताप भरला, तपासणीत कोरोना निघाला. सरकारी कोविड केंद्रात खाट रिकामी नव्हती. घरीच वेगळं ठेवा, म्हणाले. बन्सीधर सरांनी फोनवर मायेनं सल्ला दिला, "शिवकन्या, त्याला वरच्या खोलीत ठेव." आमच्या वर पत्रा होता आणि पत्र्यावर दगड. मला हसू आलं आणि लगेच रडू. बाप हाताभरावर खोकत होता, लेकरू कुशीत होतं. हिला काही झालं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आत्याबाई रडल्या नाहीत. "आद्या, ऊठ. मैदानात चल," म्हणाल्या.

वस्तीमागं आठवडी बाजाराचं मैदान टाळेबंदीमुळं ओस पडलं होतं. ऊसतोडीला गेलं की पहिल्या दिवशी आपली राहायची कोपी आपणच उभी करायची; तीस वर्षं आत्याबाईंनी तेच केलेलं. ट्रकमधून परत आणलेले बांबू, चटया, ताडपत्री त्यांनी बाहेर काढली. तासाभरात कोपी उभी. ते बघून ज्यांच्या घरात ताप होता असे आणखी चार ऊसतोडे आपापलं सामान घेऊन आले. दिवस मावळेपर्यंत पाच कोप्या झाल्या.

पण सवय कुठं जाते? टोळीच्या कोप्या असतात तशाच बांधल्या, एकमेकींना खेटून, दारं समोरासमोर, बसल्या जागी गप्पा मारता याव्यात म्हणून. सकाळी आमच्या वस्तीच्या आशा सेविका अर्पिताताई आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "मावशी, तुमी तर आजाऱ्यांची टोळीच बसवली की!"

आत्याबाईंचं तोंड उतरलं. चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या दिवशी मात्र "चुकलंच माझं," म्हणाल्या आणि एप्रिलच्या उन्हात सगळ्या कोप्या उतरवून, बारा-बारा पावलं मोजून पुन्हा बांधायला लावल्या. दारं एका अंगाला, वर ओली गोणपाटं.

नवव्या दिवशी महापालिकेची गाडी आली. "हे अतिक्रमण आहे, काढा," साहेब म्हणाले. आत्याबाई सरळ गाडीपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"काढतो साहेब. पर आतल्या मानसाला कुठं ठिवू ते दावा. घरात महिन्याचंबी न्हाई असं लेकरू हाय. कालनीत खोल्या हायत. आमाला न्हाईत, म्हून आमी बांधल्या. आमचं आमी करायलोत."

साहेबांनी मैदानाला एक चक्कर मारली, दोन कोप्यांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि ते गाडीत बसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मैदानात पाण्याचा टँकर आला. ही माझी सासू आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं मला.

पंधराव्या दिवशी अर्पिताताईंनी तपासून मोकळं केल्यावर आदिनाथ अंघोळ करून दारात आले. लेकीला घ्यायला त्यांचा हात धजेना. आत्याबाईंनीच तिला उचलून त्यांच्या हातात दिली. "घे. साधी शिंक आली न्हाई तुज्या लेकीला."

आणि लगेच मैदानाकडं निघाल्या. शेजारच्या सुमनबाईंना सकाळपासून ताप होता, त्यांच्यासाठी कोपी झाडायची होती. मी त्यांना वाटेत गाठलं आणि पाया पडले. सणावाराला पडतच होते, रीत म्हणून. त्या दिवशी रीत नव्हती.

"ऊठ," त्या म्हणाल्या, "मला लय काम हाय."