सीझियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन

फळ्यावर सीझियम या दुर्मीळ धातूचे पंचावन्न इलेक्ट्रॉन मांडून मी नेहमीचं वाक्य म्हणालो, "सगळ्यात बाहेरचा हा एकटा इलेक्ट्रॉन तो आनंदाने देऊन टाकतो आणि एक धनप्रभार असलेला आयन होतो."

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आनंदाने कसला, सर? ओढून काढावा लागतो. त्याला ऊर्जा लागते, तुम्हीच शिकवलंत!"

वर्ग हसला. मी मात्र हादरलो. केंद्रापासून इतका लांब, इतक्या सैल पकडीतला कण, पण तोही आपण होऊन सुटत नाही.

माझ्या आजारी आईसाठी बायको पुढच्या महिन्यात नोकरी सोडते आहे. "आनंदाने सोडतेय," असं मी सगळ्यांना सांगत सुटलोय. तिला मी अजून एकदाही विचारलेलं नाही.