काकूंची जास्वंद आणि माझं पाणी

चहा घ्या आधी. कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला तुमच्या घरातली तुळससुद्धा लांबूनच दाखवाल!

आम्ही मूळचे लातूरकडचे. तिकडे टँकर आला की माणूस भरल्या ताटावरून उठतो. पुण्याजवळ भूगावला फ्लॅट घेतला आणि नळाला पाणी बघून मी हरखूनच गेलो. पाणी म्हणजे माया, आणि माया कधी जास्त होते का?

होते! पण ते नंतर.

समोरच्या निकम काकू उन्हाळ्यात साताऱ्याला लेकीकडे निघाल्या. किल्ली देताना म्हणाल्या, "सुधीर, गॅलरीतल्या पांढऱ्या जास्वंदीकडे तेवढं लक्ष ठेव. ह्यांनी लावलेली आहे रे. माती सुकली तरच पाणी घाल."

काका जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "काकू, निर्धास्त जा!"

आणि लागलो की पाणी घालायला. सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर. चार पानं पिवळी पडली. मला वाटलं, तहानली बिचारी! मग बादलीच नेली. बायको म्हणाली, "अहो, खालच्या थाळीत पाणी तुंबलंय." मी म्हटलं, "तुला झाडांतलं काय कळतं?"

मला मात्र फार कळत होतं! पानं गळली, मातीला आंबूस वास यायला लागला. एक दिवस खोड जरा हलवून पाहिलं, तर सगळं झाडच हातात आलं. मुळं काळी, लिबलिबीत. काकांच्या हातचं झाड हो ते!

खरं सांगायचं धाडस झालं नाही. पौड रस्त्यावरची नर्सरी गाठली.

"पांढरीच आहे ना?" मी तीनदा विचारलं.

"व्हय सायेब, पांढरीच हाय. लई फुलतीया!"

तेवढ्याच उंचीचं झाड त्याच कुंडीत लावलं. काकू आल्या, पानांवरून हात फिरवला, म्हणाल्या, "किती जपलंस रे!" मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

आठवड्यानं फूल आलं. लालभडक!

"अगं बाई! सुधीर, हे लाल कसं?"

आता तरी खरं बोलावं की नाही? पण जीभ म्हणाली, "पाण्याचा परिणाम, काकू! मी दोन वेळ भरपूर घालत होतो ना."

काकूंनी ते अख्ख्या बिल्डिंगला कौतुकानं सांगितलं. मग काय, घरोघरी बादल्या निघाल्या! मोगरा, कढीपत्ता, गुलाब, सगळ्यांना दोन वेळ अंघोळ. आणि एका रविवारी दार वाजलं. बाहेर पाच-सहा जण, प्रत्येकाच्या हातात माना टाकलेली कुंडी, आणि पुढे वरच्या मजल्यावरचे जोशी सर.

"सुधीरराव, पिवळं पडलंय. आता अजून किती पाणी घालू?"

तिथं माझा बांध फुटला. सगळ्यांसमोर, काकूंसमोर, सगळं सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. काकू आत गेल्या आणि दार लावून घेतलं. पुढे कितीतरी दिवस मी लिफ्ट सोडून जिन्यानं ये-जा केली.

मग एकदा त्यांनीच हाक मारली. लेकीकडे त्याच जास्वंदीची फांदी लावलेली होती, तिचं रोप करून आणलं होतं. माझ्यादेखत त्यांनी ते कुंडीत लावलं. मी वाकून बघत होतो. लाजेनं म्हणा, आनंदानं म्हणा, डोळे भरून आले.

काकूंनी माझा दंड धरला आणि मला मागे ओढलं.

"रडायचंय तर तिकडे जाऊन रड. माती आधीच ओली आहे!"