मारोतीचं प्रस्थान

देवळीच्या पुढचं मारोतीचं गाव सोडलं, तेव्हा ऊन नुकतंच पऱ्हाटीवर (कपाशीवर) आलं होतं. मी साताऱ्याकडचा. आम्ही दोघे एकाच पलटणीतले. रजेचे शेवटचे दिवस मी त्याच्याकडे काढले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या हजेरीला दोघांनाही झाशीच्या छावणीत उभं राहायचं होतं. मारोतीच्या नावावर आधीच रजेवरून उशिरा परतल्याची लाल शाईची नोंद होती. आणखी एक पडली की लान्सनायकाची फीत गेलीच.

पाहुणचार जोरदार झाला. वांग्याचं भरीत आणि रोडगे (निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) मी बकाबका खाल्ले. पण निघायच्या सकाळी घरात कोणाच्याच घशाखाली घास उतरेना. अमावस्या होती. मारोतीचा थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईआधी तार येताच असाच, दिवस न पाहता निघाला होता. तो परत आला नाही. म्हणून या वेळी आईने चांगला दिवस धरून आधीच प्रस्थान ठेवलं होतं. मारोतीची पेटी गावाच्या टोकाला शेवंताकाकूंच्या घरी नेऊन ठेवली होती. सामान निघालं की माणूसही तेव्हाच निघाला असं धरायचं. रीत आमच्याकडेही आहे, पण वर्दी, रजेचा दाखला आणि परतीचा पास त्यात घालायची अक्कल मारोतीचीच! मला ते माहीत होतं, पण पाहुणा पडलो, गप्प बसलो.

काकूंच्या दाराला कुलूप.

शेजारचा म्हातारा बाजेवरून म्हणाला, “शेवंता देवळीच्या बाजारात गेली ना बापा. किल्ली तिच्या कमरेले.”

“तोड कुलूप,” मी मारोतीला म्हणालो.

“येड लागलं का तुले? माय अजून दारात उभी हाये. प्रस्थान अडकलं असं तिले समजलं, तं वर्षभर झोपाची नाई.”

तेवढ्यात एसटी आली. देवळीपर्यंत मी मनातल्या मनात काकूंचा उद्धार करत होतो.

बाजारात मिरच्यांच्या ढिगांमधून धावत, लोकांच्या शिव्या खात, आम्ही काकूंना बांगड्यांच्या दुकानापाशी गाठलं.

“अवं माय! तुमी आजच निंगाले? अमावस्येले कोणी जाते का?”

“मंग पेटी काऊन ठेवली होती, काकू?” मारोतीचा आवाज फाटला.

काकूंनी कमरेची किल्ली पुढे केली. पण पेटीसाठी मागे फिरलो तर वर्ध्याहून गाडी चुकणार होती आणि पुढच्या गाडीने गेलो तर हजेरीही.

“दाखला नाही म्हणून शिक्षा होईल, पण उशीर झाला तर नोंद होईल,” मी म्हणालो. “फीत कशाने जाते ते तुला ठाऊक आहे. चल.”

“अन् प्रस्थान मांगं टाकून?”

भावाचं नाव त्याने घेतलं नाही. मला त्याची दया आली आणि भयंकर रागही आला. शेवटी त्याने किल्ली काकूंच्या मुठीत परत दाबली. “पेटी लपवून ठेवजो. मी घेऊन गेलो म्हणून सांगजो मायले.”

वर्ध्याला मी त्याचं तिकीट काढलं आणि हलत्या गाडीत आम्ही चढलो. गाडी सिग्नलला थांबली की तो उठून दारात जाई. रात्रभर हेच.

छावणीत पोचलो तेव्हा हजेरी सुरू झाली होती. मारोती रेघांच्या सदऱ्यात आणि पायजम्यात रांगेच्या टोकाला घुसला. त्याचं नाव पुकारलं गेलं.

“हाजिर, साब!” तो असा ओरडला की सगळी रांग वळून पाहू लागली.

सुभेदारसाहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नोंद झाली नाही. वर्दी आणि दाखला नाही म्हणून पिठ्ठू मिळाला, म्हणजे पाठीवर भरलेली थैली घेऊन मैदानाला फेऱ्या.

रजेवर निघणाऱ्या पोरांना मी तेव्हापासून सांगतो: प्रस्थान खुशाल ठेवा, आईचं मन राखा, पण दाखला खिशात असू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला मी पाणी घेऊन उभा होतो. मारोती विटांची थैली पाठीवर घेऊन धापा टाकत आला.

“शिंदे, आता मायजवळ खोटं बोलल्यासारखं नाई वाटत,” तो पाठीवरच्या थैलीकडे मान वळवून हसत म्हणाला. “सामान घेऊनच पोचलो ना मी!”

हसता हसता त्याला हुंदका आला. थांबायची परवानगी नव्हती. तो तसाच रडत पुढे पळत गेला.