रात्री दोनच्या चुका

जाधवबाई भाजी घ्यायला गेल्या की आधी वांगं उचलायच्या, डोळ्यांसमोर धरायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "ओबेरजीन." मग बटाटा. "पोम द तेर." भाजीवाली चंद्राबाई पालेगावची. तिला हे फ्रेंच मुळीच खपत नसे. "बाई, मराठीत मागा, नाय तं मापात मारीन," असं ती तोंडावर सांगायची. बाई हसून पाव किलो वांगी पिशवीत टाकायच्या आणि कुळगावातल्या आमच्या बिल्डिंगचे तीन मजले आकडे मोजत चढायच्या. मी त्यांच्या समोरच्या दारात राहतो. त्यामुळे फ्रेंचमध्ये वीसपर्यंतचे आकडे मलाही येतात, त्यापुढे त्यांना दम लागायचा.

बाईंनी सगळी नोकरी अंबरनाथच्या एका वस्तीत अंगणवाडी सेविका म्हणून केली. तिथल्या पोरांच्या घरात नाना भाषा. कुणी हिंदीवालं, कुणी तेलुगू, कुणी आगरी वळणाचं मराठी बोलणारं. बाई कुणालाच भाषांतर करून सांगत नसत. टोपलीतली वस्तू पोराच्या हातात द्यायची, तिचं नाव एकदा घ्यायचं आणि गप्प बसायचं. "शब्द कानात टाकून भागत नाही, हातात द्यावा लागतो," असं त्या म्हणायच्या. त्यांचं दुसरं वाक्य जरा बोचरं होतं. "पोराचं चुकलं की आधी बाईचं बघायचं." माझ्या मुलाला गणितात कमी मार्क पडले तेव्हा त्यांनी ते मलाही ऐकवलं. मला राग आला, कारण त्याचा अभ्यास मीच घेत होतो.

फ्रेंच त्यांच्या घरात आलं ते नातीमुळे. मुलगी वैशाली कॅनडात असते. तिची रेवा तेव्हा दुसरीत होती. शाळेत सगळे विषय फ्रेंचमधून, आणि घरात फ्रेंचचा गंध कुणालाच नाही. अशा पालकांसाठी वर्गाच्या शिक्षिकेने एक वेबपेज केलं होतं. त्यावर आकड्यांची गाणी, चित्रं आणि शब्द जुळवायचे खेळ, आणि मोठ्याने वाचून दाखवणारी पुस्तकं. पुस्तक संपलं की पाच प्रश्न यायचे. प्रत्येक मुलाचं खातं वेगळं, म्हणजे कोण किती शिकलं ते शिक्षिकेला दिसावं.

त्याआधी रेवा फोनवर "हाय आजी" म्हणायची आणि पळून जायची. बाईंना ते लागलं होतं. एकदा मला म्हणाल्या, "ती मला विसरली नाही रे सुनील. माझ्याशी बोलायला तिच्याकडे काही नाहीच." मग त्यांनी वैशालीकडून त्या पेजची लिंक मागवली. रेवाच्या खात्याचा पासवर्ड मीच त्यांच्या फोनमध्ये टाकून दिला, हे आधीच सांगून टाकतो.

रोज संध्याकाळी सहाला, म्हणजे रेवाच्या न्याहारीच्या वेळी, व्हिडिओ कॉल सुरू झाला. इथून बाई वांगं दाखवणार, तिथून रेवा नाव सांगणार आणि आजीचा उच्चार सुधारून घेणार. पोरगी शिक्षिका झाली. कधी कपाळाला हात लावायची, कधी आजीला शाबासकी द्यायची. मधल्या जागा मराठीनेच भरल्या जायच्या, त्यामुळे तिचं मराठीही सुटं झालं. दूध थंड होतं म्हणून वैशाली ओरडायची, पण रेवा फोन सोडत नसे.

बाईंना मात्र एक काळजी. "शिकवणाऱ्याला रोज तोच ढ विद्यार्थी मिळाला तर तो कंटाळतो." म्हणून दुपारी जेवण आटोपलं की त्या उल्हासनगरहून आणलेला हेडफोन कानाला लावायच्या, पेज उघडायच्या आणि एकेक पुस्तक ऐकून प्रश्न सोडवायच्या. निम्म्याहून अधिक चुकायचे. चुकलेला शब्द वहीत देवनागरीत उतरवायचा आणि संध्याकाळी नातीला विचारायचा, असा नेम होता. साधारण दोन महिने हे चाललं.

मग एके दिवशी कॉल आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वैशालीने फोन करून सांगितलं की शाळेत बोलावणं आलंय. रेवा रात्री दोन दोन वाजता अभ्यास करते, तोही बहुतेक चुकीचा, असं शिक्षिकेला दिसलं होतं. मुलीला हे झेपत नसावं, घरून ताण असावा, तेव्हा तिला इंग्रजी वर्गात घालायचा विचार करा, असं त्यांचं म्हणणं. रेवा रडून सांगत होती की मी टॅब्लेटला हातही लावला नाही. आईबापांना ते खोटं वाटलं. तिला ओरडा बसला आणि टॅब्लेट कपाटात गेला.

माझी शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी होती. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तिकडे रात्री दोन म्हणजे आपल्याकडे किती रे?" मी बोटांवर मोजलं. दुपारचे साडेबारा. बाई माझ्या दारातल्या चपलांच्या स्टँडवरच बसल्या. आनंदनगरच्या कंपनीत परदेशी मालाच्या डिस्पॅचचं काम मी करतो, घड्याळाचा हा फरक मला रोजचा. तरी पासवर्ड टाकून देताना माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. चूक माझीही आहे, असं मी म्हणालोही. बाईंनी ऐकून घेतलं नाही.

हे कळल्यावर वैशाली फोनवर म्हणाली, मी सांगते शाळेत, तू मध्ये पडू नकोस. बाई म्हणाल्या, "तू सांगितलंस तर आई पोरीला पाठीशी घालतेय असं वाटेल. चुकलेल्याने बोलायचं असतं." त्यांनी आधी रेवाला फोनवर बोलावलं आणि सरळ माफी मागितली. लहान मुलांची कसली माफी मागायची, असं वैशाली मागून पुटपुटली. बाई तिलाही म्हणाल्या, "तू पण माग."

शाळेतल्या बैठकीत त्या आमच्या घरून व्हिडिओवर बसल्या. इस्त्रीची साडी, समोर ती वही. वैशाली तिथे भाषांतराला बसलीच होती, पण बाईंनी तिला थांबवलं आणि स्वतःच वाचलं, "बोंजूर मादाम. रेवा दोर ला न्वी. ले फोत सों आ म्वा." रेवा रात्री झोपते. चुका माझ्या आहेत.

शिक्षिकेने हळू, सोप्या फ्रेंचमध्ये विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? बाईंना प्रश्न कळला. "रेवा," एवढंच त्या म्हणाल्या. शिक्षिकेने रेवाला जवळ बसवून एक पुस्तक वाचायला लावलं. तिने ते सगळं वाचलं. वर्ग बदलायचा विषय तिथेच संपला, आणि पुढच्या आठवड्यात त्या पेजवर बाईंच्या नावाचं एक वेगळं खातं निघालं. माझ्या माहितीत बाईंचा एवढा सत्कार कुणी कधी केला नव्हता.

बाई मागच्या वर्षी गेल्या. चार दिवसांचा ताप, मग दवाखाना, आणि संपलं. मला त्यांची आठवण येते ती मुलाचा अभ्यास घेताना. त्याचं काही चुकलं की मी आता आधी स्वतःकडे बघतो, आणि बघायला बरंच सापडतं.

मे महिन्यात वैशाली घर आवरायला आली तेव्हा रेवा तिच्यासोबत होती. आता बरीच उंच झालीय. तिला घेऊन मी भाजीला गेलो. चंद्राबाईला सांगितलं, ही बाईंची नात. चंद्राबाईने तिच्याकडे नीट पाहिलं, टोपलीतून एक वांगं उचललं, तिच्या हातात दिलं आणि गप्प बसली.

"वांगं," रेवा म्हणाली.

"नाय गो," चंद्राबाई म्हणाली. "ओबेरजीन."