गट नंबर ३१८चा कोरेश्वर

चाकणच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत मोटारीच्या सीटखाली बसणारे ब्रॅकेट तयार होतात. गोरक्ष तिथे अठरा वर्षं ड्राफ्ट्समन आहे. ब्रॅकेट कुणी वाकून बघत नाही आणि त्याचं ड्रॉइंग बघायची तर कुणाला काहीच गरज नसते. "तुमच्या बुडाखाली माझी कला आहे," असं तो नवीन ओळख झालेल्या माणसाला सांगतो आणि त्याचं तोंड कसं होतं ते बघत बसतो.

पण कुरुळीपासून मोशीपर्यंत कंपनीच्या बसमधून येणारीजाणारी माणसं त्याला ओळखायची ती ब्रॅकेटमुळे नव्हे. म्हणजे त्याचं गाव, कुरुळी, सोडलं तर त्यालाही ओळखत नव्हती, ओळखत होती कोरेश्वरला. 'कोरेश्वर' ही गोरक्षची चित्रकथा. एक कागद, दोन्ही बाजूंनी झेरॉक्स, दोन घड्या, दोन पिना, पानं आठ. चित्रकाराचं नाव कुठेही नाही. चारपाच महिन्यांनी एखादा अंक निघायचा आणि बसच्या सीटकव्हरमध्ये, कँटीनच्या ताटांखाली, शिफ्ट सुटताना हेल्मेटच्या आत सापडायचा. झेरॉक्स निघायची चाकणला, तलाठी ऑफिसशेजारच्या दुकानात. तिथली अनिता साऱ्या गावांचे सातबारे काढता काढता मधेच ह्याचे कागद मशीनवर टाकायची. "सातबाऱ्यापेक्षा हे बरं," ती म्हणायची, "ह्यात निदान खरं तरी असतं."

ज्यांची कधी शेती नव्हती त्यांना कोरेश्वर कळायचा नाही, म्हणून सांगायला हवं. दोन शेतांमध्ये मातीचा बांध असतो. तो दोघांचा असतो, म्हणजे कुणाचाच नसतो. दर वर्षी मशागतीच्या वेळी आपल्या बाजूने फावड्याने चार बोटं माती हळूच ओढून घ्यायची, ह्याला बांध कोरणं म्हणतात. पंधरा वर्षांत शेजाऱ्याचा एक आख्खा सरी-वरंबा आपल्याकडे चालत येतो. गोरक्षचा कोरेश्वर हा ह्या विद्येचा महापुरुष होता. डोक्यावर टोपी, खांद्यावर फावडं आणि अंगात एकच शक्ती, की सीमारेषा दिसली की बोटभर कोरायचीच. त्याने हायवे कोरला. विमानतळाची धावपट्टी कोरली. एका अंकात तो चंद्रावर गेला आणि अमावस्या दोन दिवस लांबली.

हा महापुरुष कुणावरून काढला होता ते सांगायला ज्योतिषी नको. गोरक्षचे सख्खे चुलते, धोंडीबा तात्या. गोरक्षचे वडील बन्सी आण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या ह्यांच्या वाटण्या झाल्या, मधे बांध आला आणि तात्यांचं फावडं कामाला लागलं. पुढे अर्धी जमीन कंपनीच्या रस्त्यात गेली. उरलेल्या तुकड्यांवर दोघांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या आणि बांधाची भिंत झाली. मधे दोन हात मोकळी जागा आणि एक जांभूळ तेवढं उरलं. दुसरा कुणी थांबला असता. तात्यांनी पत्र्याची वळचण पुढे काढली. मग ओटा पुढे आला. त्यांचं तुळशी वृंदावन दर तुळशीच्या लग्नाला वीतभर पुढे सरकायचं आणि तुळशीला हटकायची कुणाची छाती होत नसे. आण्णांनी सरकारी मोजणी आणली, तर मोजणीवाल्यांनी रोवलेला दगड आठ दिवसांत चालत चालत आण्णांच्या बाजूला आला. त्या दिवशी दोघां भावांचं बोलणं बंद झालं. पुढच्याच वर्षी गोरक्षने पहिला अंक काढला.

आणि पहिल्याच अंकात माती खाल्ली. चित्रात कोरेश्वरच्या हातात सातबारा दाखवायचा होता. त्यावर गट नंबर लिहायचा होता. दुसऱ्या कुणी नऊशे नव्याण्णव लिहिलं असतं. पण गोरक्ष पडला ड्राफ्ट्समन. खोटं माप लिहायला त्याचा हात वळत नाही. त्याने घरचा, खराखुरा, ३१८ लिहिला (पुढे प्रत्येक अंकात तोच राहिला) आणि वर बांधावरचं जांभूळसुद्धा काढलं. सगळ्या कुरुळीला एका दिवसात कळलं की कोरेश्वर कोण आणि काढणारा कोण. तात्यांना तेवढं कळलं नसावं, असं गोरक्ष पुढची तेरा वर्षं स्वतःला सांगत राहिला. तात्या झेरॉक्स कशाला वाचतील?

आण्णांना चित्रांचं कौतुक नव्हतं. "रेघा वढून पोट भरतं व्हय?" असं ते प्रत्येक अंकाला विचारायचे. पण अंक आला की दोन मागून घ्यायचे. दुसरा कशाला, तर म्हणे देवळातल्या म्हाताऱ्यांना. देवळातल्या म्हाताऱ्यांना चित्रं आवडतात ह्याचं गोरक्षला फार बरं वाटायचं.

सगळ्यात गाजला तो सतरावा अंक. त्यात कोरेश्वर कंपनीत लागतो आणि जमिनीवरची पिवळी पट्टी, जिच्या आत मशीन आणि बाहेर चालायची वाट, ती रोज बोटभर सरकवतो. शेवटी शेजारचं खातं भिंतीला चिकटून उभं राहून काम करतं. हा अंक वाटल्यावर पंधरा दिवसांत कंपनीतली खरीच पट्टी चार बोटं सरकलेली सापडली. कुणी सरकवली देव जाणे. साहेब लोकांनी चित्रकार शोधायला गेटवर पिशव्या तपासल्या. गोरक्षच्या डब्यात फक्त मेथीची भाजी निघाली. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा पुरस्कार.

एकतिसाव्या अंकानंतर आण्णा गेले. तात्या दहाव्याला घाटावर आले, लांब उभे राहिले, कुणाशी न बोलता परत गेले. गोरक्षने नंतर पेन धरलं नाही. कोरेश्वर काढायला बसला की ज्याचा बांध कोरायचा तो माणूसच समोर नाही, हे त्याला सहन व्हायचं नाही.

मग दापोडीहून मृदुलाताईंचा फोन आला. वडिलांच्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यात त्या आता कुणी छापत नाही अशी पुस्तकं छापतात. कुणाच्या तरी डब्याखाली अंथरलेला कोरेश्वर त्यांनी पाहिला होता. सगळे एकतीस अंक एका पुस्तकात काढायचं त्यांनी ठरवलं, नमुना प्रत बांधून दिली आणि एक अट घातली.

"गट नंबर खरा आहे, झाड खरं आहे, माणूस हयात आहे. एक तर सगळीकडचा नंबर बदला, नाही तर त्यांची लेखी संमती आणा. मला छापखाना चालवायचाय, कोर्टात चकरा मारायच्या नाहीयेत."

नंबर बदलायचा म्हणजे एकतीस अंकांत खोटं माप लिहायचं. गोरक्ष दोन आठवडे नुसता नमुना प्रत उघडून मिटत होता. पुस्तक तर त्याला हवं होतं, जीव जाईल इतकं हवं होतं. पण आण्णांच्या भावंडांतलं ते एकच माणूस उरलं होतं आणि त्याची टिंगल त्याच्याच हातात नेऊन द्यायची होती. शेवटी बायको, सोनल, म्हणाली, "भिंतीपलीकडं तर जायचंय. चंद्रावर न्हाई."

रविवारी सकाळी तो गेला. तात्या ओट्यावर बसले होते, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या गोरक्षच्याच जागेत. चुलती, शकूनानी, चहा ठेवायला आत गेली. गोरक्षने पुस्तक पुढे केलं. काय बोलायचं ते घरून पाठ करून आला होता, त्यातलं तोंडातून एवढंच निघालं, "पुस्तक निघतंय, तात्या. तुमची सही पायजे."

तात्यांनी दोऱ्याने बांधलेला चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. हसले नाहीत, चिडले नाहीत. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. गोरक्षला वाटलं, आता पुस्तक अंगावर येणार आणि पाठोपाठ फावडं.

"पिवळ्या पट्टीचा आधी आन् चंद्राचा मागनं," तात्या म्हणाले. "हितं उलटं लावलंय."

गोरक्षला काही समजेना. "तात्या, तुमी... वाचलाय?"

"शके, ती पिशवी आण गं."

शकूनानीने आतून युरियाची रिकामी पिशवी आणली. तिच्यात सगळे अंक होते, एक ते एकतीस, सुतळीने बांधलेले. तात्यांनी गाठ सोडली.

"तुझा बाप ठिवायचा. जांभळीखाली, दगडाखाली. बोलायचा न्हाई. ठिवायचा आन् निघून जायाचा."

गोरक्षने पहिला अंक उघडला. समासात, त्याच्या चित्रांच्या कडेने, निळ्या बॉलपेनने काहीतरी लिहिलं होतं. तात्यांचं अक्षर: 'लबाड. वीतभर बी न्हाई.' त्याखाली आण्णांचं, पायमोडकं, त्याला हजारात ओळखू येईल असं: 'धोंड्या, दीड हात. मोजून बघ.' त्याखाली परत तात्या: 'टेप कुणाची?'

अंक दगडाखाली जायचा, यायचा, परत जायचा. एकतीस अंकांचे समास भरले होते. शिव्या होत्या, मापं होती. मधेच 'शकीचं डोळ्याचं आपरेशन झालं' होतं आणि त्याखाली 'बरं झालं. आता तिला बांध दिसंल.' होतं. तेरा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं त्याच्या चित्रांच्या काठावर बसून भांडत होती आणि त्याला वाटत होतं, आपण विनोद करतोय.

एकतिसाव्या अंकाच्या शेवटी आण्णांनी लिहिलं होतं: 'पाय चालंना. फुडला अंक न्यायला घरी ये.' त्याखाली काही नव्हतं.

"गेलो न्हाई," तात्या म्हणाले. "म्हणलं, मी का जाऊ? चुकी त्याची. फुडचा अंक आला का जाऊ, म्हणलं. तू काढलाच न्हाई फुडचा."

गोरक्षला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. तात्या दुसरीकडे बघत राहिले. शकूनानीने दोघांचा गार चहा उचलून परत गरम करायला नेला.

मग तात्यांनी संमतीचा कागद मागितला. सहीसाठी चौकट आखलेली होती. तात्यांची सही तिच्यात मावली नाही, शेजारच्या प्रकाशकाच्या चौकटीत अर्धी घुसली. सवयच ती.

"पर शेवटचं पान चुकलंय," तात्या म्हणाले.

शेवटच्या पानावर गोरक्षने पुस्तकासाठी नव्याने एक चित्र काढलं होतं. दोन चौकटी, पट्टीने आखलेल्या, मिलिमीटरला मिलिमीटर सारख्या. डावीकडे कोरेश्वर, उजवीकडे त्याचा भाऊ, मधे एक रेघ. तात्यांनी पेन घेतलं, मधल्या रेघेच्या उजवीकडे, भावाच्या चौकटीत, चांगली बोटभर आत, दुसरी रेघ ओढली आणि जुन्या रेघेवर फुली मारली.

"तात्या, अहो आता तरी..."

"आरं, कोरल्याबिगर तुझा बाप काय लिवतोय?"

एवढं म्हणून त्यांनी पुस्तक गोरक्षच्या मांडीवर ठेवलं आणि पेन त्याच्याकडे धरलं. समास कोरा होता. गोरक्षने पेन घेतलं. 'धोंड्या' लिहायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने फक्त पुढचं लिहिलं: 'दीड हात. मोजून बघ.'

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि दोनदा वाचलं.

"टेप कुणाची?" ते म्हणाले.