लीलाबाईचा भोपळा

लीलाबाईचं डोकं माघातच तापलं होतं. मागच्या अंगणात तेलाचे नऊ रिकामे डबे मांडून ती एकेकाच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडत बसली होती. खिळा वाकायचा, डबा घरंगळायचा, तळहाताला फोड आलेले.

हरद्याला तिनं वाफे केले, वांगी फुलावर आली आणि नवऱ्याची बदली झाली. खंडव्याला दुधी भोपळा मांडवावर चढला, की पुन्हा तेच. दोन्ही वेळा भाजी दुसऱ्यांनी खाल्ली. म्हणून यंदा बुऱ्हाणपुरात सगळं डब्यांत! उचलायचं आणि चालायला लागायचं.

"अवं बाई, डब्यात कुठं लौकी धरते?" शेजारच्या मथुराबाईनं कुंपणावरून टोकलं. "तिला वाफाच पाह्यजे."

दुधी डब्यात धरत नाही, हे लीलाबाईला कळत का नव्हतं? पण वाफा करावा तर इथं राहणार आहोत, हे तरी कळू दे! छप्पनच्या नोव्हेंबरात नवी राज्यं झाली, तेव्हा कचेरीतल्या कारकुनांना एक फॉर्म मिळाला होता: मुंबई राज्यात जाता, की इथंच मध्य प्रदेशात राहता? नवऱ्यानं, अरविंदरावांनी, काय लिहिलं, ते काही सांगत नव्हते. विचारलं की एकच, "हुकूम येईल."

डबे मातीनं भरून झाले, तरी चिडून तिनं शेवटी एक वाफा केलाच. विटा उभ्या लावल्या, काळ्या मातीत तापीचा गाळ आणि केळीचा कुजका पाला कालवला. संध्याकाळी घरी आलेले अरविंदराव नेमके डब्याला अडखळले.

"डबे, वाफे... हे काय मांडलंयस?"

"तुम्ही सांगा ना काय मांडू! फॉर्मवर काय लिहिलंत?"

ते वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागले.

"काहीच नाही. तुला विचारून लिहावं म्हणून कपाटात ठेवला. विचारायचं राहिलं. मुदत गेली. आता सरकार ठरवेल."

"तीन महिने! अहो, मी काय परगावी होते? रोज दोन वेळा तुमच्या ताटात वाढतेय!" रडू आलं त्याचाही तिला राग आला. एकेक डबा उचलून तिनं सगळी माती वाफ्यात उपडी केली, वर हात फिरवला आणि भोपळ्याच्या बिया खोचल्या.

"हुकूम आला तर खुशाल जा. भोपळा खाल्ल्याशिवाय मी हलायची नाही."

हुकूम चैत्रात आला: अमरावती. वेलावर तेव्हा बोटाएवढं फळ होतं. अरविंदराव ट्रंक घेऊन एकटे गेले. नवरा एकटाच गेला, हे मथुराबाईनं सगळ्या गल्लीला सांगितलं. लीलाबाई वेलाला पाणी घालत राहिली.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. "दोन घरं पाहिली आहेत. एकाला मागे अंगण आहे, पण पाणी लांब. दुसऱ्याला नळ आहे, अंगण नाही. कुठलं घेऊ? भोपळा केवढा झाला?"

तिनं ते दोनदा वाचलं. मग भोपळा उतरवला, चिरला, एकटीनं पोटभर खाल्ला आणि उत्तर लिहायला बसली: "अंगणाचं घ्या. पाणी मी आणीन."